कोर्स चांगला, जाहिरात भंपक: ट्रॉमा आणि खाण्याच्या त्रासावरच्या एका ऑनलाइन बॉडी-अवेअरनेस कोर्सचा रिव्ह्यू

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होतो, आज बसलोच. कोर्सचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीही आहेत आणि शिवाय असे कोर्स आता ढिगाने निघालेत, साचा साधारण एकच असतो, त्यामुळे तुम्ही दुसरा कुठला घेणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. ट्रॉमा (म्हणजे जुन्या वाईट अनुभवाचा मनात आणि शरीरात राहून गेलेला आघात) आणि खाण्याचा त्रास असलेल्यांना स्वतःच्या शरीरात काय जाणवतंय ते ओळखायला शिकवणारा हा कोर्स. स्वरूप असं आहे की आठवड्यातून एकदा लाइव्ह सेशन, मधल्या दिवसांसाठी छोटी छोटी ऑडिओ रेकॉर्डिंग्ज, एक वर्कबुक, आणि एक ग्रुप ज्यात कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही असा नियम आहे (हा नियम म्हणजे अख्ख्या कोर्समधली सगळ्यात भारी गोष्ट, माझ्या मते). शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, मीही तेच लिहितो.

आधीच सांगतो, यात वजन, कॅलरी, किती खाल्लं, काय खाल्लं, काय सोडलं यातलं काहीही नसेल. ज्यांना हा त्रास आहे त्यांना माहितीये की दुसऱ्याचा आकडा दिसला की आपलं डोकं लगेच हिशोबाला बसतं, आणि मग वाचलेलं बाकी सगळं बाजूला राहतं.

माझ्याबद्दल एवढंच की पुरुष आहे, तिशी ओलांडलेली, लहानपणी घरात जे चालायचं ते इथे लिहायची गरज नाही, आणि खाण्याचं म्हणाल तर दिवसभर भूक अशी लागतच नाही आणि रात्री सगळे झोपले की उभ्याउभ्याने पोट दुखेपर्यंत खाणं, आणि त्या वेळात मी जणू तिथे नसतोच. दुसऱ्या दिवशी परत कडकडीत उपाशी, कालची भरपाई म्हणून. डाएटिशियनकडे जाऊन आलो होतो, चार्ट मिळाला, चार्टमध्ये काही चूक नव्हती, पण तो पाळायला माणूस स्वतःच्या अंगात हजर असावा लागतो ना. मग काउन्सेलरने सांगितलं की बोलण्याबरोबर शरीराच्या अंगाने पण काहीतरी कर, म्हणून हा कोर्स.

आता जाहिरातीत काय होतं? 'नर्व्हस सिस्टीम रीसेट करा', 'शरीरात अडकलेला ट्रॉमा मोकळा करा', 'अन्नाशी पुन्हा मैत्री करा', मागे सूर्योदय. मी जवळजवळ बंदच करणार होतो ते पान. प्रत्यक्ष कोर्समध्ये या तिन्हीतलं काही होत नाही आणि ते होत नाही हेच बरंय.

सुरुवातीच्या सेशन्समध्ये अन्नाचा विषयच निघत नाही. खोलीत नजर फिरवा, दार कुठे आहे बघा, खिडकी कुठे आहे बघा, पाय जमिनीला टेकलेत ते जाणवतंय का, पाठ खुर्चीला लागतेय का, बास. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, आडवं पडलात तरी चालतं. आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'वाटलं तर', 'जमत असेल तर', 'नको असेल तर सोडा'. पहिल्यांदा हे ऐकून वैताग येतो, मनात येतं की अहो ताई काय करायचं ते एकदा सांगून टाका. नेहमीच्या व्यायामाच्या किंवा योगाच्या क्लासमध्ये कसं असतं, अजून थोडं, अजून थोडं, सोडू नका, आणि मागून एक हात येतो आणि पाठ सरळ करून जातो. इथे उलटं. मध्येच थांबायचं असेल तर थांबायचं, कारण सांगायचं नाही, आणि कोणी विचारणार पण नाही. ताईंनी तर एका सेशनला मुद्दाम थांबायची प्रॅक्टिस दिली, म्हणजे हात वर न्यायला सुरुवात करा आणि तुम्हाला वाटेल तिथे अर्ध्यात सोडून द्या. ऐकायला पोरखेळ वाटतो. मला घाम फुटला होता.

यामागचं लॉजिक त्यांनी नीट सांगितलं आणि ते पटलं. ज्याच्या बाबतीत काही वाईट घडलंय त्याला त्या वेळी 'नको' म्हणायची सोय नव्हती, पळायची नव्हती, थांबवायची नव्हती. म्हणून मग पुढे कोणी कितीही प्रेमाने 'आता श्वास घ्या, आता डोळे मिटा' असं फर्मान सोडलं तरी शरीराला ते फर्मानच वाटतं. ही पद्धत आली कुठून तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ट्रॉमा सेंटर नावाच्या संस्थेत डेव्हिड इमर्सन आणि बाकीच्या लोकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ट्रॉमासाठी म्हणून वेगळा योग बसवायला घेतला, आसन बरोबर आलं का याला त्यात किंमत नाही, कुठला पर्याय निवडला आणि निवडताना अंगात काय जाणवलं याला किंमत. २०१४ साली ट्रॉमावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोक आणि त्यांच्या टीमने याचा एक अभ्यास छापला. ६४ बायका, सगळ्यांना जुनाट पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) जो नेहमीच्या उपचारांनी हटत नव्हता, अर्ध्यांना १० आठवडे आठवड्याला एक तास हा योग आणि अर्ध्यांना आरोग्यावरचे माहितीचे वर्ग. शेवटी योगाच्या गटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषातून बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २९ पैकी ६. छोटा अभ्यास आहे, आणि फक्त बायकांवरचा आहे (यावर खाली येतोच), पण जाहिरातीतल्या सूर्योदयापेक्षा हे आकडे मला जास्त धीर देऊन गेले.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय. हा कोर्स भुकेपासून सुरू होत नाही. मी जेवढं काही आधी वाचलं, ऐकलं होतं त्यात सगळे म्हणायचे शरीराचं ऐका, भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा. अरे पण ऐकू येत असतं तर इथे आलो असतो का! इथे ताईंनी आधी घेतलं ते लघवीला लागल्याचं. खरंच. दिवसात कधी लागते, किती वेळ दाबून धरता, लागली हे पहिल्यांदा कुठे जाणवतं. मग तहान. मग थंडी वाजणं, अंगावर काही ओढून घेणं. मग बसून बसून पाय अवघडणं. म्हणजे ज्या संकेतांना लाज चिकटलेली नाही, ज्यांच्यावर लहानपणापासून कोणी टोमणे मारले नाहीत, तिथून सुरुवात. तहान लागली, कळलं, पाणी प्यायलं, झालं, यात कोणी तुम्हाला हावरट म्हणत नाही.

आणि गंमत म्हणजे मला तेही कळत नव्हतं. तासन् तास काम करत बसायचो आणि उठल्यावर लक्षात यायचं की आपल्याला केव्हाची लागलीये. शरीराच्या आतलं जाणवण्याच्या या क्षमतेला इंटरोसेप्शन म्हणतात, मेंदूतला इन्सुला नावाचा भाग त्यात मोठं काम करतो, आणि खाण्याच्या आजारांशी याचा संबंध आहे हे काही आजचं फॅड नाही, १९८३ मध्ये डेव्हिड गार्नर आणि सहकाऱ्यांनी खाण्याच्या आजारांसाठी जी प्रश्नावली बनवली, जी अजून तिच्या पुढच्या आवृत्त्यांमधून वापरात आहे, तिच्यात आतलं काय जाणवतंय ते ओळखता येतं का यावर अख्खा वेगळा भाग होता. म्हणजे भूक आणि राग आणि भीती यातलं नक्की काय चाललंय तेच कळत नाही, पोटात काहीतरी होतंय एवढंच कळतं. हे ऐकल्यावर मला एकदम हलकं वाटलं, कारण मी इतकी वर्षं याला इच्छाशक्तीचा अभाव समजत होतो, आमच्या घरचेही.

भुकेकडे यायला बराच वेळ लागला आणि आल्यावर पण ताईंनी एक गोष्ट ठासून सांगितली, जी अशा कोर्समध्ये मी अपेक्षाच केली नव्हती. त्या म्हणाल्या, 'आधी घड्याळ, मग पोट.' म्हणजे जो माणूस बरेच महिने किंवा वर्षं उपाशी राहणं आणि भरमसाठ खाणं यात हेलकावे खातोय त्याचे भुकेचे संकेत भरवशाचे नसतात. कमी खाणाऱ्याचं पोट रिकामं व्हायलाच वेळ लागायला लागतो, त्यामुळे दोन घासांत गच्च वाटतं, आणि तो म्हणतो की बघा माझं शरीर नको म्हणतंय. अशा वेळी 'शरीराचं ऐका' हा सल्ला म्हणजे आजाराचंच ऐका असा होतो. म्हणून आधी ठरलेल्या वेळेला जेवायचं, भूक असो नसो, आणि त्याचं प्लॅनिंग आपल्या डाएटिशियन किंवा डॉक्टरबरोबर करायचं, कोर्स त्यात पडत नाही. कोर्स फक्त एवढं बघतो की जेवताना तुम्ही खुर्चीत आहात का. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

वर्कबुकबद्दल पण इथेच सांगतो. भुकेला १ ते १० मार्क द्या असं बऱ्याच ठिकाणी असतं, यांच्या वर्कबुकमध्ये आकडाच नाहीये. नुसत्या रिकाम्या ओळी, तुम्हाला सुचेल तो शब्द लिहा. मी लिहिलेले शब्द म्हणजे 'कोरडं', 'वर आलेलं', 'माहीत नाही', 'माहीत नाही', 'चिडलेलं', 'घर रिकामं असल्यासारखं'. ज्याने आयुष्यभर मोजलंय त्याला अजून एक मोजपट्टी न देणं हा खूप विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटला. छपाई मात्र टुकार, पीडीएफ मोबाइलवर उघडली की ओळी पानाबाहेर जातात.

मधल्या एका सेशनला त्यांनी मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. १९४४-४५, महायुद्ध चालू, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण पुरुष घेतले, युद्धात लढायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, आणि त्यांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवलं, युद्धानंतर भुकेलेल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे कळावं म्हणून. या लोकांना आधी खाण्याचा कसलाच आजार नव्हता. काही आठवड्यांत ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले, स्वप्नं अन्नाची, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटातलं चिवडत चिवडत जेवण लांबवायला लागले, चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले. आणि प्रयोग संपल्यावर पोटभर मिळालं तरी काहीजणांना खाऊन खाऊनही भरल्यासारखं वाटेना. हे ऐकताना मी कॅमेरा बंद केला. पाककृतींचे व्हिडिओ रात्री तासभर बघत बसणारा मी एकटाच वेडा आहे असं वाटायचं, आणि इथे ऐंशी वर्षांपूर्वीचे हट्टेकट्टे पुरुष तेच करत होते, कारण ते उपाशी होते. बास एवढंच कारण.

पुरुष म्हणून मला या विषयात कायम आगंतुक वाटत आलंय. साधं उदाहरण घ्या, अ‍ॅनोरेक्सियाच्या (वजन वाढायच्या भीतीने खाणं फार कमी करण्याचा आजार) अमेरिकन निदानाच्या निकषात २०१३ पर्यंत पाळी थांबणं ही एक अट होती, ती डीएसएम ५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या त्यांच्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, काढली. बिंज ईटिंगला (ताबा सुटून एका वेळी भरमसाठ खाणं) स्वतंत्र आजार म्हणून जागासुद्धा त्याच वर्षी मिळाली. त्यामुळे कोर्समध्ये सगळं 'सगळ्याजणी आरामात बसल्यात ना' असं चालायचं तेव्हा फार खटकायचं. ग्रुपमध्ये आम्ही पुरुष थोडेच होतो पण होतो ना. सांगितल्यावर ताई लाइव्हमध्ये सुधारल्या, रेकॉर्डिंग्ज मात्र अजून तशीच आहेत, डोळे अर्धवट मिटून पडलोय आणि कानात 'आता तू अगदी शांत झालीयेस'. झालो नाहीये हो.

ट्रॉमाची गोष्ट सांगायची सक्ती नाही हे अजून एक मोठं. आधी एका सपोर्ट ग्रुपमध्ये गेलो होतो, तिथे दर वेळी गोल करून 'शेअर' करायचं, आणि दुसऱ्याचं ऐकून मी घरी जाऊन जे करायचो ते करायचो. इथे काय झालं होतं हे कोणी विचारत नाही, आत्ता काय जाणवतंय एवढंच, आणि तेही सांगायचं असेल तर. पण संबंध आहे हे मात्र त्या लपवत नाहीत. व्हिन्सेंट फेलिटी यांची गोष्ट त्यांनी सांगितली, सॅन डिएगोमध्ये ऐंशीच्या दशकात हे डॉक्टर वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते आणि त्यांना कळेना की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच लोक मध्येच सोडून का जातायत. विचारत गेले तर कितीतरी जणांच्या बालपणात लैंगिक अत्याचार निघाले, आणि काहींसाठी वजन हे संरक्षण होतं, कोणी आपल्याकडे त्या नजरेने बघू नये म्हणून. त्यातूनच पुढे १९९८ चा तो बालपणीच्या वाईट अनुभवांवरचा मोठा अभ्यास आला, रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर, नऊ हजारांहून जास्त लोकांचा. मला यातून घ्यायचं ते मी घेतलं, की रात्रीचं माझं खाणं हे कधीतरी कामाचं होतं. घरात आवाज चढले की तोंडात घास असला की ऐकू कमी यायचं, असं काहीसं. यावर ताईंनी काही ज्ञान दिलं नाही, नुसतं 'हं' म्हणाल्या, आणि विचारलं पाय कुठेत.

श्वासाचं पण थोडं लिहितो कारण बाकी सगळे कोर्स तिथूनच सुरू होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यामुळे सोडणं लांबवलं की बऱ्याच लोकांना शांत वाटतं, हे खरंय. पण काही लोकांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटायला होतं आणि मी त्यातला. इथे पर्याय होता, श्वासाऐवजी तळहात भिंतीला दाबा, किंवा बाहेरचे आवाज ऐका. आणि झोका म्हणतात तशी एक प्रॅक्टिस आहे, जिथे अस्वस्थ वाटतंय, समजा छाती, तिथे जरासं लक्ष न्यायचं आणि लगेच जिथे काहीच होत नाहीये, समजा डाव्या पायाचा अंगठा, तिथे परत यायचं. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग नावाच्या, शरीराच्या संवेदनांवर काम करणाऱ्या ट्रॉमा थेरपीतून आलेली आयडिया. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण करता येते, कोणाला कळत नाही.

खाण्याचं सेशन जेव्हा आलं तेव्हा मात्र माझे बारा वाजले. एकच छोटा घास, हातात घ्या, बघा, वास घ्या, जिभेवर ठेवा, हळूहळू चावा. हा प्रकार जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या ताणमुक्तीच्या कार्यक्रमामुळे जगभर पसरला आणि जीन क्रिस्टेलर यांनी माइंडफुल, म्हणजे पूर्ण लक्ष देऊन खाण्याची पद्धत खास बिंज ईटिंगसाठी विकसित केली, त्यावर बरे अभ्यासही आहेत. बऱ्याच जणांना ग्रुपमध्ये हे प्रचंड आवडलं. पण मला त्या घासाकडे इतकं बघत बसल्यावर मिनेसोटावाले आठवले, ताटातलं चिवडत बसलेले. माझे उपाशी दिवस असेच असतात, घासाचे बारीक बारीक तुकडे करून अर्धा तास घालवायचा. म्हणजे जो व्यायाम एकाला शुद्धीवर आणतो तो दुसऱ्याच्या आजाराचा हुबेहूब डुप्लिकेट असू शकतो. मी थांबलो. नियम होताच थांबायचा. नंतर ताईंनी स्वतःहून सांगितलं की ज्यांना हळू खाणं हीच सवय झालीये त्यांनी हे करू नये, त्यांनी कोणाबरोबर तरी गप्पा मारत, सामान्य स्पीडने, अन्नाकडे फार लक्ष न देता जेवायचा सराव करावा. मला पटलं, पण हे आधी सांगायला हवं होतं हो, नंतर काय उपयोग.

आता बाकीच्या तक्रारी. सगळ्यात मोठी फॉर्मची. जॉइन होताना मेडिकल फॉर्म भरून घेतात, चक्कर येते का, उलट्या करता का, छातीत धडधड होते का, डॉक्टर कोण. मी चक्कर येते वर टिक केलं. कोणीही फोन केला नाही, मेल नाही, काही नाही. मीच पहिल्या सेशननंतर विचारलं तेव्हा म्हणाले, हो हो डॉक्टरांचं पत्र आणा. हे चालत नाही. उलट्यांनी पोटॅशियम खाली जाऊन हृदयाची लय बिघडू शकते, फार उपाशी राहणाऱ्याची नाडी धोकादायक मंद होऊ शकते, आणि बराच काळ उपाशी असलेल्याने एकदम भरपूर खायला सुरुवात करणं पण धोक्याचं असतं, ते डॉक्टरच्या नजरेखालीच व्हावं लागतं. आणि हे सगळं दिसायला 'नॉर्मल' वजनाच्या माणसालाही होऊ शकतं. फॉर्म घ्यायचा तर तो कोणीतरी वाचायला पण पाहिजे.

दुसरी, पॉलिव्हेगल थिअरीच्या स्लाइड्स. मज्जासंस्था धोक्याला कसा प्रतिसाद देते याबद्दलची ही थिअरी. शिडीचं चित्र, वर हिरवं (शांत, सुरक्षित), मध्ये पिवळं (लढा किंवा पळा), खाली लाल (बधिर, बंद पडल्यासारखं), आणि हे सगळं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असल्यासारखं सांगितलं. स्टीफन पोर्जेस यांनी १९९४ मध्ये मांडलेली थिअरी आहे आणि तिच्या शरीरशास्त्राच्या बाजूवर तज्ज्ञांचे जोरदार आक्षेप आहेत, एवढं एक वाक्य टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? भाषा म्हणून ती शिडी कामाची आहे, मी पण वापरतो, घरी बायकोला 'आज मी खाली आहे' म्हटलं की तिला कळतं. पण कामाची असणं वेगळं आणि सिद्ध असणं वेगळं.

तिसरी, रेकॉर्डिंग्जमध्ये एकात अचानक 'आता पोट सैल सोडा, पोटावर हात ठेवा' येतं, काही सूचना न देता. लाइव्हमध्ये इतकी काळजी आणि रेकॉर्डिंगमध्ये ही घाई, बहुतेक आधीच्या कुठल्यातरी जनरल रिलॅक्सेशन कोर्समधलं उचलून टाकलंय. बासरीचं म्युझिक बंद करायची सोय नाही.

आणि हा कोर्स म्हणजे ट्रीटमेंट नाही, हे जाहिरातीत कुठेच नाही. ताई बोलतात, जाहिरात बोलत नाही. खाण्याच्या आजारांवर ज्याला भक्कम पुरावा आहे ते म्हणजे ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांची सीबीटी-ई (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या सीबीटी थेरपीचा खाण्याच्या आजारांसाठीचा प्रकार), किशोरवयीन मुलांसाठी कुटुंबाला बरोबर घेऊन चालणारी थेरपी, वगैरे. योगाबद्दल मी जे शोधलं त्यात २०१० चा एक चांगला अभ्यास सापडला, ५० मुली आणि ४ मुलगे (चार! तेवढ्यानेही मला बरं वाटलं), ८ आठवडे, योग केल्यावर लगेच मोजलं तर डोक्यातले अन्नाचे विचार कमी झालेले दिसले, पण त्यात दोन्ही गटांची नेहमीची ट्रीटमेंट चालूच होती. तेव्हा जोडीला म्हणून घ्या, ऐवजी म्हणून घेऊ नका. माझा काउन्सेलर पूर्ण वेळ चालू होता आणि तो नसता तर काही सेशन्सनंतर मी सावरलो नसतो, स्पष्ट सांगतो.

फरक काय पडला, लोक हेच विचारतात. रात्रीचं खाणं गेलं नाही. कमी झालंय, पण गेलं नाही. मग बदललं काय तर आता कधीकधी मध्ये थांबता येतं. हात अर्ध्यात सोडून द्यायचा तो पोरखेळ आठवतो का वरचा, तोच तिथे कामाला आला, मला स्वतःलाच नवल वाटलं, उभा होतो, खात होतो, आणि एकदम पायाखालची फरशी गार लागली, आणि मी होतो तिथे. मग खुर्ची ओढून बसलो आणि बसून खाल्लं. कमी खाल्लं असं नाही, बसून खाल्लं. काउन्सेलर म्हणाला यात मोठी गोष्ट पुढची आहे, की दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून उपाशी राहिलो नाही, ठरल्या वेळेला जेवलो, कारण उपासच रात्रीचं खाणं ओढून आणतो. आणि हो, लघवीला लागलेली आता वेळेवर कळते. हसू नका.

कोणी घ्यावा: ज्याचे डॉक्टर आणि काउन्सेलर आधीच चालू आहेत, ज्याला बोलून बोलून कंटाळा आलाय, आणि ज्याला सावकाश चालेल. कोणी घेऊ नये: ज्याची तब्येत आत्ता नाजूक आहे, चक्कर, धडधड, वजन झपाट्याने उतरतंय, आधी हॉस्पिटल गाठा. ज्याला स्वतःला संपवावंसं वाटतंय त्यानेही आधी माणूस गाठा, रेकॉर्डिंग नको. आणि ज्याला वजन कमी करायचंय म्हणून यात यायचंय त्याने येऊच नये, ग्रुपमध्ये एकजण तसं विचारत होता आणि ताईंनी त्याला शांतपणे सांगितलं की इथे ते होणार नाही, पैसे परत हवे असतील तर सांगा. पैसे परत केले त्यांनी, हे पण नोंदवतो, रिफंडच्या बाबतीत काही कटकट नाही.

असा दुसरा कुठला कोर्स घेत असाल तर पैसे भरायच्या आधी मेल करून तीन गोष्टी विचारा. मध्येच थांबलं तर चालतं का, शिकवणारे अंगाला हात लावतात का, आणि मेडिकल फॉर्म कोण वाचतं. तिसऱ्याचं उत्तर 'आमची टीम' असं आलं तर टीममध्ये कोण कोण, त्यात डॉक्टर आहे का, तेही विचारा. मी आमच्यावाल्यांना फॉर्म आणि रेकॉर्डिंग्जबद्दल मोठा मेल टाकलाय, उत्तर आलं की पोटावाली रेकॉर्डिंग काढतोय, बाकीच्यांचं 'बघतो'. बदललं तर इथेच खाली अपडेट टाकीन.